आधी खांदेमळणी

दसऱ्याच्या सकाळी आमच्या सोसायटीच्या वाहनतळावर एकदा तरी येऊन पाहावे. सदनिका बत्तीस आणि मोटारी एकेचाळीस! प्रत्येक मोटारीपुढे एक दांपत्य, एक तबक, एक नारळ आणि तो नारळ नेमका कोठे फोडावा याविषयी दोन मते. झेंडूच्या माळा बॉनेटवर चढतात, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, बंपरला लिंबू-मिरची लटकते. चारी चाकांखाली लिंबे जातात आणि मग कुटुंबप्रमुख चेहऱ्यावर सेनापतीचा भाव आणून मोटार वीतभर पुढे घेतो. लिंबे चिरडली की लढाई जिंकली. पेढे वाटले जातात, छायाचित्रे निघतात, आणि मग पुढच्या दसऱ्यापर्यंत त्या चाकांकडे वाकून पाहण्याची कोणालाच गरज वाटत नाही.

हे मी दुसऱ्यांना हसण्यासाठी लिहीत नाही. त्या एकेचाळिसांतली एक मोटार आमची आहे. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना तिची ओळख आहेच; पण दिवाळी अंक घरच्या पाहुण्यांच्याही हाती पडतो, म्हणून थोडक्यात सांगतो. २०२१ साली ती आमच्याकडे आली तेव्हा पाच वर्षांची होती. आधीच्या मालकांनी ती फारशी बाहेर काढलेली नव्हती. रंग शाबूत, काचा शाबूत, आसनांवरचे प्लास्टिकसुद्धा शाबूत. "अगदी नवरीसारखी जपली आहे, सर," असे विकणारे गृहस्थ म्हणाले, आणि मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे मी उपमेला भुललो.

मराठीच्या प्राध्यापकाला मोटारीतले काही कळू नये यात नवल नाही. नवल आहे ते हे, की मी पिंपरी-चिंचवडात राहून अडाणी राहिलो! गंगेच्या काठी राहून कोरडे राहण्याचाच हा प्रकार. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला, आणि पुढच्या दशकात आकुर्डीला बजाजांची स्कूटर आली, फिरोदियांचा टेम्पो आला, मागोमाग टाटांची टेल्को आली. १९९८ साल सरता सरता बाजारात आलेली इंडिका इथलीच. पुढे कारखान्यांना पिंपरी-चिंचवड पुरेनासे झाले आणि ते नाशिक रस्त्याने चाकणला गेले. २००९ साली तिथे फोक्सवागनचा कारखाना सुरू झाला आणि मर्सिडीजनेही त्याच वर्षी आपले बिऱ्हाड तिकडे हलवले. एकेकाळी मोरया गोसावींसाठी आणि चापेकर बंधूंसाठी ओळखले जाणारे आमचे चिंचवड आता ओळखले जाते ते एमएच-१४ या अक्षरांनी. आमच्या गल्लीत दगड मारला तर तो ज्याला लागेल त्याने आयुष्यात एकदा तरी मोटारीचा एखादा भाग बनवलेला असतो. देशाला गाड्या पुरवणारी ही वस्ती स्वतःच्या गाडीच्या चाकात हवा किती आहे ते मात्र पाहत नाही. कुंभाराच्या घरी फुटके मडके म्हणतात, त्यातलीच गत.

आता थोडे माझ्या धंद्याविषयी. मोटार हाती आल्यावर माझे पहिले संशोधन यंत्राचे झाले नाही, क्रियापदाचे झाले. आपल्याकडे मोटारीचा सगळा संसार 'मारण्या'वर चालतो हे कधी ध्यानात आले आहे का? आपण गाडीला सेल्फ मारतो, हॉर्न मारतो, ब्रेक मारतो, कट मारतो, यू-टर्न मारतो. चाकात हवा मारतो. गाडी धुवायची तर पाणी मारतो. नुसते फिरायला जायचे तरी चक्कर मारतो. पुण्याहून मुंबईला तीन तासांत पोहोचलो हे सांगायचे असले की "गाडी मारली" असे छाती फुगवून सांगतो. आपल्या आजोबांची भाषा अशी नव्हती. ते गाडी जुंपत, गाडी हाकत, नाव वल्हवत, घोड्यावर मांड ठोकत. त्या शब्दांत समोरचे जनावर किंवा पाणी जिवंत आहे याची जाणीव होती. ही गंमत मी वर्गात सांगितली, मुले हसली, आणि एक चांगले व्याख्यान झाले या समाधानात मी घरी आलो. शब्दांच्या पलीकडे त्या गोष्टीत काही असेल असे तेव्हा मनातही आले नाही.

ते मनात आणून देणारे गृहस्थ आमच्या तळमजल्यावर राहतात. सगळी सोसायटी त्यांना काका म्हणते, मीही म्हणतो. इथल्याच एका कारखान्यात त्यांची चौतीस वर्षे गेली. त्यातली चोवीस जुळणीच्या रांगेवर ब्रेक बसवण्यात आणि शेवटची दहा कारखान्याच्या आतल्या रस्त्यावर नव्या गाड्या चालवून पाहण्यात. इतक्या गाड्यांना ब्रेक बसवणाऱ्या या माणसाकडे स्वतःची मोटार नाही. मुलींची शिक्षणे झाली, फ्लॅट झाला, मोटार राहून गेली. त्यांच्याकडे आहे ती बजाज चेतक. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहण्याच्या काळात घेतलेली. चेतक १९७२ साली आली आणि २००९ साली बंद झाली. विजेवरच्या नव्या चेतकीने २०२० पासून तेच नाव पुन्हा घेतले. काकांच्या जुन्या चेतकीला यातले काही माहीत नाही. रोज सकाळी साडेसहाला काका तिला प्रेमाने एका अंगावर तिरकी करतात, सरळ करतात आणि पहिल्या किकला ती बोलू लागते.

काकांचा आणि माझा स्नेह क्लचवरून जमला. मोटार घेतल्यानंतर दीड वर्षातच तिची क्लच प्लेट जळाली. गॅरेजमधल्या मुलाने खर्चाचा आकडा सांगितला तेव्हा मला वाटले की तो नव्या इंजिनाचा आहे. मी काकांकडे तक्रार घेऊन गेलो. त्यांनी मला शेजारी बसवून चाकणपर्यंत गाडी चालवायला लावली. चाकणचे महत्त्व इतिहासाच्या वाचकांना सांगायला नको. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने तिथल्या संग्रामदुर्गात शाइस्तेखानाच्या अफाट फौजेला जवळजवळ दोन महिने अडवून धरले. आज खानाला फिरंगोजीची गरज पडली नसती. संध्याकाळी कंपन्यांच्या बसगाड्या सुटल्यावर तळेगाव चौकानेच त्याला अडवून धरले असते. त्या चौकात आम्ही अर्धा तास इंचाइंचाने सरकलो. काका रस्त्याकडे पाहत नव्हते, माझ्या डाव्या पायाकडे पाहत होते.

"सर, हा पाय क्लचवर काय करतोय?"

"तयार आहे," मी म्हणालो. "कधीही गाडी पुढे जाईल."

"गाडी जाईल तेव्हा जाईल. तोवर तुम्ही आत दोन तबकड्या एकमेकींवर घासताय. पाय अर्धा दाबून ठेवला की त्या धड जोडलेल्या नाहीत आणि धड सुटलेल्याही नाहीत. घासून घासून दुसरं काय होणार? थांबायचं असलं तर न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, पाय खाली ठेवा. पायालाही बरं वाटेल."

क्लच मी माझ्याच पायाने खाल्ला होता आणि दोष गाडीला देत होतो. त्या दिवसापासून काकांना मी गुरू मानले. पण शिष्य म्हणून माझी गुणवत्ता आमच्या वर्गातल्या शेवटच्या बाकाएवढीच राहिली. खरी शिष्या निघाली आमची मुलगी. अठरा पुरी झाल्यावर तिने शिकाऊ परवाना काढला आणि रविवारी सकाळी रस्ते रिकामे असताना काका तिला शेजारी बसून शिकवू लागले. मी मागच्या आसनावर वर्तमानपत्र घेऊन बसत असे. काकांचे बोलणे कानांवर पडे, डोक्यात शिरत नसे.

२०२५ च्या गुढीपाडव्याला काकांनी मला खाली बोलावले आणि आमच्या मोटारीच्या मागच्या डाव्या चाकाजवळ उकिडवे बसवले. टायरच्या कडेवर इंग्रजी अक्षरांची एक लांबलचक ओळ होती आणि तिच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे होते: २३१६.

"ही टायरची जन्मपत्रिका, सर. २०१६ सालचा तेविसावा आठवडा. म्हणजे जूनमध्ये नऊ वर्षं पुरी."

"पण नक्षी बघा ना किती खोल आहे," मी म्हणालो. मला तेवढे ठाऊक होते. खाचांच्या तळाशी लहान लहान उंचवटे असतात आणि रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरच उरली, की टायर बदलायचा. आमच्या टायरवर ते उंचवटे अजून खोल विहिरीत होते.

"नक्षी चालण्यानं झिजते, रबर वयानं. उभ्या गाडीचं रबरही म्हातारं होतं. कडक होतं, भेगाळतं. पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराला दाखवावं आणि दहा झाली की नक्षी कितीही चांगली असली तरी काढून टाकावं. तुमचे आताच बदला."

मी बरे म्हणालो. चार टायरांची किंमत विचारली. मग मुलीची फी आली, मग सौ.च्या भाच्याचे लग्न आले. नक्षी तर नव्यासारखी होती! मनातल्या मनात मी काकांचे वय आणि टायरचे वय यांची सांगडही घातली. म्हाताऱ्या माणसांना सगळेच म्हातारे दिसते, असा माझा विनोद. तो मी कोणाला ऐकवला नाही, एवढीच माझी पुण्याई.

मे महिन्यात एका रविवारी आम्ही ओझरच्या विघ्नहराच्या दर्शनाला निघालो. मी, सौ., मुलगी आणि माझी आई. काका स्कूटर पुसत होते. "हवा पाहिली का?" त्यांनी विचारले. "पंपावर पाहतो," मी म्हणालो. पंपावर हवेसाठी रांग होती, मग पाहिली नाही. निघताना काकांनी मागच्या दारातून वाकून आईलाही सांगितले, "आजी, पट्टा लावा." आई म्हणाली, "मला काय बांधून नेताय का रे?" काका म्हणाले, "पुढच्यांना जो कायदा तोच मागच्यांना. आणि गाडी थांबली तरी आपण थांबत नाही, आजी. माणूस मागून पुढे फेकला जातो." ते स्वतः पट्टा लावून देईपर्यंत दारातून हलले नाहीत.

दर्शन झाले, जेवण झाले. परतताना मुलगी म्हणाली, "बाबा, मी चालवते." तिला पक्का परवाना मिळून दोन महिने झाले होते. दुपारचे दोन वाजले होते, डांबर वितळत होते. मंचर मागे पडले, रस्ता मोकळा मिळाला आणि काटा ऐंशीच्या पुढे गेला. मी शेजारी पेंगत होतो.

बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. पाठोपाठ गाडीचा मागचा भाग कोणीतरी ओढून बाजूला न्यावा तसा सरकला. मला दिसला तो उजवीकडचा दुभाजक, मग डावीकडचे झाड, मग पुन्हा दुभाजक. आणि मी, वीस वर्षे मराठी शिकवणारा मनुष्य, जिवाच्या आकांताने ओरडलो, "ब्रेक मार! ब्रेक मार!"

तिने ब्रेक मारला नाही.

तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरले होते, इतके घट्ट की बोटांची पेरे पांढरी पडली होती. ॲक्सिलरेटरवरचा पाय तिने उचलला आणि तो हवेत तसाच ठेवला. गाडी झोके खात, फाटक्या टायरचे तुकडे आपटत पळत राहिली. पळता पळता तिचा वेग आपोआप उतरू लागला. मागून एक ट्रक भोंगा वाजवत बाजूने निघून गेला. मग तिने डावा दिवा लावला, हलकेच ब्रेक दाबला आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली. ही सगळी गोष्ट फार तर पंधरा-वीस सेकंदांची असेल. पण कित्येक रात्री मी ती तासभर पाहत पडलो आहे.

कोणी काही बोलले नाही. आईचे ओठ हलत होते. ओझरचा विघ्नहर अजून फार दूर गेला नव्हता. शेवटी मुलगीच म्हणाली, "काका म्हणाले होते, टायर फुटला तर ब्रेकला पाय लावायचा नाही. तीन चाकं थांबतात आणि चौथं थांबत नाही, मग गाडी भोवऱ्यासारखी फिरते."

मी खाली उतरलो. उन्हात घाम फुटण्याऐवजी मला थंडी वाजत होती. आता जादा चाक काढायचे होते. त्याला आपण स्टेपनी म्हणतो. एरवी मी वाचकांना ऐटीत सांगितले असते की विसाव्या शतकाच्या आरंभी वेल्समधल्या लनेली गावी स्टेपनी नावाच्या रस्त्यावर जादा चाके बनवणारी एक कंपनी होती, तिचे नाव आपल्या तोंडी कायमचे बसले. त्या दिवशी शब्दाची व्युत्पत्ती मला पाठ होती, पण खुद्द स्टेपनी बाहेर काढली तर तिच्यात हवा नव्हती. गेल्या चार वर्षांत तिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट घेऊन निघालेला एक टेम्पो थांबला. टेम्पो हेही कंपनीने दिलेले नाव. जर्मन बनावटीच्या त्या तीनचाकीवरून आपण ते उचलले. २००५ साली इथल्या कंपनीने आपल्या नावातून तो शब्द काढून टाकला, पण मराठीने सोडला नाही. टेम्पोवाल्या तरुणाने स्टेपनीवर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाला, "सर, हिला उपाशीच ठेवली का?" मग त्यानेच ती टेम्पोत टाकली, मला शेजारी बसवले, पंक्चरच्या दुकानात नेऊन हवा भरून आणली आणि चाक बदलून दिले. पैसे घेतले नाहीत. "पोरीला सांगा, चांगली चालवली," एवढे म्हणून निघून गेला.

रात्री मी काकांकडे गेलो. माझी तयारी होती की ते म्हणतील, मी सांगितले होते. त्यांनी फक्त विचारले, "ब्रेक कोणी दाबला?"

"कोणीच नाही."

काका खुर्चीत बसले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या रांगेवर नट आवळला की त्यावर रंगाचा ठिपका द्यायचा असायचा. आवळला याची खूण. ठिपका द्यायला अर्धा सेकंद लागतो, आवळायला तीन. घाईत एखादा पोरगा नुसताच ठिपका देऊन टाकायचा. आमचा सुपरवायझर म्हणायचा, लेका, या गाडीत कोण बसणार ते तुला ठाऊक नाही, तेव्हा आपलंच कोणीतरी बसणार असं समज."

दुसऱ्या दिवशी फाटलेला टायर त्यांनी मला आतून दाखवला. कडेच्या रबरावर बारीक भेगांची जाळी होती आणि आतले धागे सुटले होते. कारण त्यांनी समजावून दिले. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि उठते. तार वारंवार वाकवली तर ती जशी तापते तसेच रबर तापते. त्यात वय नऊ, माणसे चार, मे महिन्याचे डांबर आणि ऐंशीचा वेग. विघ्नहराने काही केले असेल तर ते मुलीच्या पायाला आवरण्याचे.

त्या रविवारपासून मी काकांचा खरा शिष्य झालो. त्यांचा पाठ चार शब्दांचा आहे: हवा, तेल, पाणी, दिवे. वेळ दहा मिनिटे. वाचकांपैकी ज्यांच्या दारी मोटार उभी आहे त्यांच्यासाठी तो इथे उतरवून देतो.

हवा पंधरा दिवसांतून एकदा तरी पाहायची आणि तीही टायर थंड असताना. लांबून तापत आलेल्या टायरचा आकडा फुगलेला असतो, तो पाहून हवा काढली की घात झाला. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. माणसे आणि सामान जास्त असले तर आकडा निराळा असतो. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नसतो. पाचवे चाक विसरायचे नाही, हे मी आता कोणी न विचारताही सांगतो. पैसे देऊन नायट्रोजन भरावा का, असे मी विचारले तेव्हा काका म्हणाले, "साध्या हवेत शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजनच असतो, सर. उरलेल्या बाविसांसाठी किती पैसे देता?"

तेल पाहायचे ते गाडी सपाट जागी, इंजिन गार असताना. पट्टी काढायची, पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढायची. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. पाणी म्हणजे कूलंट. त्याची पातळी बाटलीवरच्या खुणांवरून बाहेरूनच दिसते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडायचे नाही, आतले पाणी उसळून तोंडावर येते. ब्रेकच्या तेलाची बाटलीही त्याच वेळी पाहायची. ते कमी दिसले तर नुसते ओतून गप्प बसायचे नाही, गळते आहे की ब्रेकची पॅडे झिजली आहेत ते दाखवून घ्यायचे. दिवे म्हणजे मागचे लाल दिवेसुद्धा. ते आपल्याला कधी दिसत नाहीत, मागच्याला दिसायचे असतात. म्हणून गाडी भिंतीकडे पाठ करून लावावी, ब्रेक दाबावा आणि भिंतीवरचा तांबडा उजेड आरशात पाहावा. वायपरची रबरे मृगाच्या आधी बदलावीत, पहिल्या सरीत नव्हे. यातल्या कशालाही इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. लागते ते वाकणे; आणि आम्हा सुशिक्षितांना तेच जड जाते.

ही सगळी विद्या मी शिकलो तरी तिला नाव सापडले नव्हते. ते मला एका विद्यार्थ्याने दिले. सप्टेंबरात मी वर्गाला 'आमच्या गावचा सण' या विषयावर निबंध लिहायला सांगितला. चाकणजवळच्या एका खेड्यातून रोज बसने येणाऱ्या मुलाने पोळ्यावर लिहिला. आमच्या भागात पुष्कळ गावी पोळा श्रावणात नसतो, भाद्रपदाच्या अमावास्येला असतो. जमिनीतली बरीचशी कारखान्यांत गेली, नांगराला ट्रॅक्टर आला, तरी त्याच्या घरी शर्यतीची एक खिल्लारी जोडी आहे. शर्यतीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या मे महिन्यात वैध ठरवला तेव्हा त्या घरात पेढे वाटले गेले होते. मुलाने बैलांच्या झुलीचे, शिंगांच्या रंगाचे, मिरवणुकीचे वर्णन चार ओळींत उरकले होते. पानभर मजकूर होता तो आदल्या संध्याकाळच्या खांदेमळणीचा. त्या संध्याकाळी बैलाचे खांदे ऊन पाण्याने शेकतात, हळद आणि तूप लावून मळतात. जू जिथे टेकते तिथे घट्टा पडला आहे का, कातडे सोलले आहे का, हे बोटांनी चाचपतात. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण बैलांना द्यायचे तेही तेव्हाच. मुलाने शेवटी लिहिले होते: "आजोबा म्हणतात, ज्या खांद्याने वर्षभर ओढले त्याला आधी विचारायचे. शिंगे रंगवायची ती मग."

त्या निबंधाला मी किती गुण दिले ते परीक्षा विभागाच्या नियमांमुळे सांगता येत नाही. पण वही मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. आम्ही शहरात आलो तेव्हा पोळ्यातली मिरवणूक घेऊन आलो, झूल आणि रंग घेऊन आलो; खांदेमळणी गावाकडेच विसरलो. काकांच्या भाषेत सांगायचे तर आम्ही नट न आवळता ठिपका देत होतो.

यंदा दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, खंडेनवमी ओसरत असताना, आमच्या वाहनतळावर एक नवे दृश्य दिसले. मी धोतर नव्हे पण जुना पायजमा खोचून चाकाजवळ बसलो होतो आणि मुलगी हवेचा मापक घेऊन एकेक आकडा सांगत होती. दुसऱ्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ जिन्यावरून पाहत राहिले, मग खाली आले आणि संकोचून म्हणाले, "आमचीही जन्मपत्रिका जरा बघता का?" त्यांच्या टायरवर आकडे होते १११५. ते मी त्यांना वाचून दाखवले आणि पुढचे काही बोललो नाही. आठ वाजेपर्यंत सात मोटारींची खांदेमळणी झाली. त्यांतल्या चौघींच्या स्टेपन्या उपाशी निघाल्या.

दसऱ्याच्या सकाळी पूजा मात्र दरवर्षीसारखीच झाली. हार, नारळ, लिंबे, काहीही कमी केले नाही, सौ.ने करू दिलेही नसते. तेवढ्यात काका पाना घेऊन आले. त्यांनी चारी चाकांचे नट एकेक करून आवळून पाहिले. मग आमच्या तबकातल्या कुंकवात बोट बुडवून प्रत्येक नटावर एकेक ठिपका दिला आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "हं. पास."

सोने वाटायला आम्ही आत्याकडे चिखलीला निघालो. मुलगी पुढे बसली. आई मागे बसली आणि कोणी सांगायच्या आत तिने स्वतःच्या हाताने पट्टा ओढून लावला. मग नातीच्या खांद्यावर बोटाने टिचकी मारून म्हणाली, "चल बाई, हाक आता."